घरचं मत

बूथवाले तात्या बोलायला सुरुवात करण्याआधी तंबाखू मळायचे. मांडीवर चंची उघडायची, चिमूटभर तंबाखू डाव्या तळहातावर घ्यायची, डबीतला चुना नखानं लावायचा आणि अंगठ्यानं संथपणे घोटत राहायचं. मग दोन बोटांनी थाप मारून भुकटी उडवायची आणि तळहात समोरच्यापुढे धरायचा. त्यानं चिमूट उचलून गालात ठेवली, की उरलेली तात्या स्वतःच्या ओठाखाली सारायचे आणि विषयाला हात घालायचे, "तुमच्या तोंडात जखम हाय म्हणं. डॉक्टरीणबाईंना दाखवा. तंबाखूनं कॅन्सर होतो."

डॉक्टरीणबाई म्हणजे मी. असा प्रचारक दुसऱ्या कुठल्या डॉक्टरच्या नशिबी आला असेल असं मला वाटत नाही.

मी दातांची डॉक्टर. माहेर इंदापूरचं, नोकरी एका संस्थेच्या फिरत्या पथकात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांमध्ये जाऊन तोंडं तपासायची, संशय आला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा, आणि गरज पडली तर माणसाला पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात धाडायचं. कागदावर हे फार सोपं दिसायचं. पहिलं शिबिर कऱ्हाटीत घेतलं. मांडव घातला, रिक्षावर भोंगा लावून 'मोफत कॅन्सर तपासणी' अशी गावभर हाळी दिली, आणि सडलेल्या तोंडाचा भलामोठा फोटो फलकावर लावला. आलं कोण? हेडमास्तरांनी रांगेनं पाठवलेली शाळेची पोरं, आणि कवळी मिळते का विचारायला एक आजोबा. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती मंडळी पारावर बसून, गालात बार भरून आमची मजा बघत होती.

त्या मंडळींतून एक उंच, काटकुळा, कडक टोपीतला माणूस उठून माझ्याकडे आला. फलकावरचा फोटो त्यानं बराच वेळ न्याहाळला. म्हणाला, "बाई, हा कुठल्या पक्षाचा उमेदवार?"

मी तापलेच होते. म्हटलं, लोकांना स्वतःच्या जिवाची काळजी नसेल तर आम्ही काय करणार. तेव्हा त्यांनी टोपी मागे सारली. "मतदान काय फलक बघून होतं व्हय? माणूस दारात जावा लागतो. बसावा लागतो. त्याची म्हैस कधी व्यायली ते इचारावं लागतं. तुमी भोंग्यावर 'कॅन्सर, कॅन्सर' करताय. आवतण हाय का श्राप हाय, तेच लोकांना कळंना." दुसऱ्या दिवशी हे बूथवाले तात्या सहा माणसं घेऊन आले. सहाही जणांची तोंडं तंबाखूनं भरलेली होती. ती मला आधी थुंकायला लावावी लागली.

तात्यांचा धंदा म्हणाल तर थोडी शेती. पण ती बायकोनं सांभाळली. त्यांना मिसरूड फुटल्यापासून एकच नाद, मतदार घराबाहेर काढण्याचा. ग्रामपंचायत, विकास सोसायटी, दूध संघ, कारखाना. आमच्या भागात एखादा पाऊस चुकेल, पण निवडणूक चुकत नाही. तात्या स्वतः कधी उभे राहिले नाहीत. बूथबाहेर टेबल टाकून बसायचं आणि कुणाच्या घरातलं कोण अजून आलं नाही याचा हिशेब डोक्यात ठेवायचा, यातच त्यांचं सुख. उमेदवार निवडून आला की गुलालात त्यांची आठवण कुणाला राहायची नाही. त्याचंही त्यांना काही वाटायचं नाही, कारण तोवर पुढची निवडणूक लागलेली असायची.

माझ्या रुग्णांकडेही ते त्याच नजरेनं बघायचे. जखम दाखवायला मुकाट आला तो 'पक्का'. 'बघू, ऊस गेल्यावर येतो' म्हणणारा 'कुंपणावरचा'. उपचार अर्ध्यावर टाकून पळाला तो 'फुटला'. सगळ्यांत मोठा विरोधी गट उष्णतावाल्यांचा. आमच्याकडे तोंडात काही झालं की 'तोंड आलंय' म्हणतात, आणि तोंड येतं ते उष्णतेनं, याबद्दल घराघरात एकमत असतं. मग गुलकंद, साजूक तूप, भिजवलेला सब्जा. दोन महिने, चार महिने जखम वाढत राहते आणि माणूस गुलकंद खात राहतो. मी अशा माणसाला शास्त्र सांगायला जायचे आणि तो ऐकून घेऊन घरी जाऊन आणखी गुलकंद खायचा. तात्या वाद घालत नसत. "उष्णता असंल तर उष्णता. बाईंच्या तोंडून तेवढं ऐकून यिऊ. चला." माणूस जीपमध्ये बसायचा. कारण तो तपासणीला निघालेला नसायचा, स्वतःचं खरं करायला निघालेला असायचा.

तंबाखू वाटत तंबाखूविरुद्ध बोलणं हे मात्र माझ्या पचनी पडेना. मी त्यांना बडीशेपेची डबी आणून दिली. म्हटलं, ओट्यावर बसल्यावर ही पुढे करा. आठवड्यानं डबी परत आली, जवळजवळ भरलेली. "बाई, बडीशेप मळता येत न्हाय," तात्या म्हणाले. "तंबाखू मळायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढाच वेळ माणूस ऐकतो. नुसत्या हातानं गेलो तर मला दारातच उभा करत्याल." मी यावर बरंच काही बोलले. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकलं, आणि ऐकता ऐकता मळत होते.

रोग ओळखणं हा तर पहिला टप्पा. खरी परीक्षा पुढे. पुण्याला ऑपरेशन होतं, मग आठवड्यामागून आठवडे रोज शेक घ्यावा लागतो. रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तोंड आतून सोलवटून निघतं, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येतं, आणि माणूस पिशवी उचलून गावाकडची एसटी धरतो. घरी आल्यावर बरं वाटतं. मग तो परत जात नाही, आणि काही महिन्यांनी आपणच त्याच्या मातीला जातो. तात्यांना हे लगेच उमगलं. "निवडून आणणं सोपं असतंय बाई, पाच वर्षं फुटू न देणं अवघड." त्यावर त्यांनी पै-पाहुणे कामाला लावले. कऱ्हाटीच्या माणसाचा हडपसरला पाहुणा नाही असं होत नाही, आणि नसलाच तर तात्या नातं जुळवायचे. मावससासूच्या जावेचा दीर का होईना, त्याला फोन करायचे, "तुमच्याकडं माणूस पाठवतोय. भाकरी दुधात चुरून द्या, आन त्यो एसटीचं नाव काढाय लागला तर आधी मला फोन करा."

शेक म्हणजे काय, हेही तेच समजावून सांगायचे. "पोल्ट्रीत पिल्लांना बल्ब लावत्यात का न्हाय? तसं. एक रात बल्ब बंद पडला की पिल्लं गेली." आता यात शास्त्र औषधालाही नव्हतं. पिल्लं वाढवायची असतात आणि रोगाच्या गाठी मारायच्या असतात, एवढा तरी फरक करा, असं मी एकदा म्हणाले. "तुमी फरक करा, आमी माणूस टिकवतो," म्हणाले. लोक मात्र एकही दिवस बुडवेनासे झाले. मग मीही गप्प बसायला शिकले.

तात्यांची खरी कसोटी लागली ती अण्णांच्या वेळी. अण्णा म्हणजे गावातल्या दुसऱ्या पॅनेलचे सर्वेसर्वा आणि तात्यांचे जन्माचे विरोधक. सोसायटीच्या कुठल्याशा निवडणुकीपासून दोघांचं बोलणं बंद. एकाच्या घरच्या लग्नात दुसरा अक्षता टाकायला यायचा, पण जेवायला थांबायचा नाही. या अण्णांच्या डाव्या गालात जखम झाल्याची बातमी तात्यांकडे आली, आणि ते पहिल्यांदाच अडले. "मी गेलो तर बरी हुणारी जखमबी त्यो इरेला पेटून चिघळवंल." दोन दिवस त्यांनी विचार केला आणि मग पारावर सहज बोलून गेले, की अण्णा मोठा वाघ, पण सुईला भितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कडक इस्त्रीच्या कपड्यांत, चार माणसं घेऊन आमच्या पथकाच्या दवाखान्यात हजर. खुर्चीत बसून त्यांनी आ वासला. "कोण म्हणतं मी भितो? काढा किती तुकडे काढायचे ते." जखम पाहून मी तुकडा काढला आणि त्याच दिवशी तपासायला पाठवला. पुण्याला त्यांचा डावा जबडा काढावा लागला, छातीची कातडी गालाला लावली. एवढं सगळं त्यांनी दातओठ खाऊन सोसलं. पण शेक सुरू झाल्यावर, तिसऱ्याच आठवड्यात, अण्णा घरी येऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले. माझं ऐकेनात, पोरांचं ऐकेनात.

मग तात्या निघाले, आणि एकट्यानं जायचा धीर होईना म्हणून मला बरोबर नेलं. किती वर्षांनी त्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला असेल कोण जाणे. खाटेशेजारी बसले. सवयीनं चंची उघडली, तंबाखू मळली आणि तळहात अण्णांपुढे धरला. अण्णांनी मान वळवून त्या हाताकडे पाहिलं. सोललेल्या तोंडाचा, अर्ध्या जबड्याचा माणूस, आणि त्याच्यापुढे तंबाखू. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तात्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो धोतराला पुसला आणि खाली बघून म्हणाले, "अण्णा, तू न्हाय ऱ्हायलास तर मी पाडू कुणाला?"

अण्णा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेले आणि शेक पुरा करूनच आले.

ज्या जीपमधून हे सगळे रुग्ण ये-जा करायचे ती तात्यांच्या मुलाची, दत्ताची. एरवी तो भिगवण ते बारामती वडाप करायचा, म्हणजे जीपमध्ये दाटीवाटीनं माणसं भरून फेऱ्या मारायचा. त्याच्या गाडीत बापाचा प्रचार चालायचा, आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या कप्प्यात गुटख्याच्या पुड्या कोंबलेल्या असायच्या. गुटख्याला आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे तो फक्त सगळ्या टपऱ्यांवर मिळतो. दत्ता वडापाव खाताना आधी त्याचे तुकडे करतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. गुटख्यानं गाल आतून आवळत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. मी त्याला दहा वेळा म्हटलं, दत्ताभाऊ, बसा एकदा खुर्चीत. तो हसून म्हणायचा, "आधी तात्यांचं बघा, मग माझं."

आणि तात्यांना म्हटलं, की ते म्हणायचे, "आधी त्याचं बघा. मग माझं हायच की. घरची मतं शेवटी मोजायची असत्यात." पण एकदा जीप पुढे गेल्यावर तिच्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "आख्खा तालुका आणला, बाई. ह्यो माझ्या ताटाला ताट लावून जेवतो, ह्याला मला आणता यीना." तेव्हा त्यांचा आवाज बूथवरचा नव्हता. एका घरात दोन तोंडं, आणि दोन्ही एकमेकांची वाट बघत मिटलेली. मला त्या दोघांचा इतका राग यायचा, की एकेकदा वाटायचं, दोघांना धरून खुर्चीला बांधावं.

एके दिवशी काकींचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा फोन आला. बोलणं भलतंच चाललं होतं, भेंडीचं, गाईच्या वासराचं. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "तात्यांना जरा उष्णता झालीया. गुलकंद चाललाय." मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले.

तात्यांना आणलं ते अण्णांनी. जबडा गेल्यापासून अण्णांचं बोलणं घरच्यांनाही नीट कळायचं नाही, त्यामुळे समजूत घालण्याचा प्रश्नच नव्हता. ते आपली गाडी घेऊन तात्यांच्या दारात गेले, ओट्यावर बसले आणि उठेचनात. काकींनी चहा आणला, घेतला नाही. पाणी आणलं, घेतलं नाही. दुपार कलली तेव्हा तात्या कंटाळून टोपी घालून बाहेर आले.

जखम जिभेच्या मागच्या कडेला होती, आणि मानेत दगडासारखी गाठ. मी हातमोजे काढले आणि त्यांच्यावर ओरडले. पेशंटवर असं ओरडू नये, हे मला शिकवलेलं आहे. म्हटलं, तुम्हाला काय कळत नव्हतं? का नाही दाखवलंत? आणि ओरडता ओरडता मला रडू फुटलं. तेच मला समजावत होते. "दाखवलं असतं तर तुमी तंबाखू सोडा म्हणला असता. सोडली असती तर लोकांच्या ओट्यावर काय घिऊन बसलो असतो?" मग त्यांनी विचारलं, "जीभ काढावी लागंल?"

"बरीचशी."

"म्हणजे माणूस ऱ्हाईल आन तात्या जाईल." हे त्यांनी असं म्हटलं, जसा एखाद्या वॉर्डाचा निकाल सांगावा. मला वाटलं, आता हे फुटणार. पण दाराशी जाऊन ते म्हणाले, "मी पळालो तर माझ्या मागं सगळीच पळत्याल. सांगा, पुण्याला कधी जायचं?"

ऑपरेशन झालं. शेक त्यांनी एक दिवस न चुकवता घेतला, हडपसरच्या कुणा दूरच्या पाहुण्याकडे राहून, दुधात चुरलेली भाकरी गिळत. परत आल्यावर बोलता येईना, तर ते माणसाचं मनगट धरून त्याला माझ्याकडे आणायचे आणि खुर्चीकडे बोट दाखवायचे. दत्ताचंही मनगट त्यांनी एकदा धरलं. दत्तानं ते सोडवून घेतलं आणि जीप काढून निघून गेला. गाठ पुन्हा मानेत वर आली, आणि उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं धावायला लागले त्या दिवसांत तात्या गेले.

दहाव्याला कऱ्हेच्या काठावर माणूस मावत नव्हतं. आमच्याकडे दहावा म्हणजे अर्धा विधी आणि अर्धी सभा. माईक होता. सगळ्या पक्षांचे पुढारी एकामागून एक बोलले, आणि सगळ्यांच्या मते पोकळी निर्माण झाली होती. एक जण तर माईकपासून तोंड बाजूला वळवून पिंक टाकून मग म्हणाला, की व्यसनमुक्तीचं तात्यांचं कार्य पुढे नेणं हीच खरी श्रद्धांजली. मी मागे बायकांमध्ये उभी होते. राग गिळून हसू येत होतं आणि हसू गिळून रडू.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते, पण एकही खाली उतरेना. नातेवाईक पिंडाला हात जोडून वचनं द्यायला लागले. पुतण्या म्हणाला, शेताची वाटणी करणार नाही. कावळा हलला नाही. काकींकडे बघून कुणी म्हणालं, म्हातारीला अंतर देणार नाही. तरी नाही. एका पुढाऱ्यानं माईक पुन्हा हातात घेऊन तात्यांच्या नावानं वेशीवर कमान बांधण्याचं जाहीर केलं. कमानीचाही काही उपयोग झाला नाही. मला या कावळ्याच्या व्यवहारातलं काही कळत नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात पिंडही नाही आणि कावळाही नाही. ऊन चढत होतं, आणि लोक मनगटावरची घड्याळं बघायला लागले होते.

तेव्हा अण्णा उठले. दत्ता मुंडण करून, ओल्या पंच्यानं, हात जोडून पिंडापुढे उभा होता. अण्णांनी जाऊन त्याची हनुवटी धरली, पिंडाकडे वळून काहीतरी म्हणाले. शब्द फुटके होते, पण सगळ्यांना कळलं, "दत्ता तोंड दाखवंल." मग त्यांची नजर गर्दीतून मला शोधत आली.

"दाखवीन की," दत्ता म्हणाला. "उद्या जातो."

अण्णांनी मान हलवली. हनुवटी सोडली नाही.

पर्समध्ये टॉर्च कायम असते. चपला काढून मी दगडांवरून पुढे गेले. एवढ्या माणसांसमोर, सुतकातल्या माणसाच्या तोंडाशी हात न्यायचा म्हणजे कुणीतरी हरकत घेईल असं वाटलं होतं. कुणी घेतली नाही. दत्तानं आ केला. जेमतेम दोन बोटं उघडलं. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ते दुखण्याचं होतं की बापाचं, मी विचारलं नाही. उजवा गाल बघितला. डावा गाल प्रकाशाकडे वळवला, आणि मागे, दाढेपाशी, एक पांढरा चट्टा दिसला. कड लालसर, लहान. अजून लहान होता.

पाठीमागे एकदम गलका झाला. शिवला, शिवला, लोक म्हणत होते. बायका रडायला लागल्या. मी काही पाहिलं नाही. दत्ताही वळून बघणार होता, पण मी त्याची हनुवटी धरून ठेवली.

"हलू नका, दत्ताभाऊ," म्हटलं. "मला नीट बघू द्या."